वाचकांचे प्रश्न : सिरानो खरा किती, नाटकातला किती?

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, फ्रेंच शिकणाऱ्याने एकच नाटक वाचायचं ठरवलं तर कोणतं वाचावं. मी ‘सिरानो द बेर्जराक’ एवढंच उत्तर देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. त्यावर इतकी पत्रं आली आहेत की या वेळची पानं सिरानोलाच देऊन टाकते. कोणाचंही नाव न छापता गाव तेवढं देते आहे.

एदमाँ रोस्ताँचं हे १८९७ चं फ्रेंच नाटक ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सिरानो हा गास्कोन पलटणीतला तलवारबहाद्दर आणि कवी. जीभ तिखट, मनगट त्याहून तिखट. पण नाक एवढं मोठं की बाईमाणसासमोर मन उघडं करायची छाती होत नाही. नात्यातल्या रोक्सानवर त्याचा जीव. ती भाळते क्रिस्तियाँ नावाच्या देखण्या शिपायावर, ज्याची बायकांपुढे बोबडी वळते. मग सिरानो त्याच्या नावाने पत्रं लिहून देतो, रात्री सज्जाखाली उभा राहून त्याच्या वतीने बोलतोसुद्धा. क्रिस्तियाँ लढाईत पडतो, रोक्सान मठात जाऊन राहते, आणि ती पत्रं कोणाची होती हे तिला पंधरा वर्षांनी कळतं, तेव्हा सिरानो मरणाच्या दारात असतो.

प्रश्न (सातारा) : बाई, मी सिनेमा पाहून नाटकाकडे आलो. हा माणूस खरंच होऊन गेला का? आणि ते नाक?

होऊन गेला. साविनियाँ द सिरानो हा अस्सल पॅरिसचा; ६ मार्च १६१९ रोजी त्याचा बाप्तिस्मा पॅरिसमध्येच झाला. नाटकात त्याला गास्कोन म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडचा, तापट आणि बढाईखोर मुलखातला केलं आहे. खऱ्या सिरानोचा गास्कोनीशी संबंध एवढाच, की तो ज्या पलटणीत भरती झाला तिच्यात बहुतेक सगळे गास्कोन होते. आजोबा पॅरिसमध्ये मासळीचे मोठे व्यापारी. पैसा आल्यावर त्यांनी पॅरिसजवळच्या शव्रझ खोऱ्यात दोन जहागिरी विकत घेतल्या, त्यांतल्या एकीचं नाव बेर्जराक. सिरानोच्या वडिलांनी १६३६ साली त्या विकूनही टाकल्या. जमीन गेली, पोराने नाव मात्र सोडलं नाही. मासळीवाल्याचा नातू ‘द बेर्जराक’ म्हणून मिरवत राहिला, यात त्याच्या स्वभावाचा बराचसा भाग आला.

गंमत अशी की दोर्दोन्य भागात बेर्जराक नावाचं एक गाव आहे, वाइनसाठी प्रसिद्ध. त्या गावाचा आणि या माणसाचा काडीचाही संबंध नाही. पण गावाने त्याचे पुतळे उभारले आहेत, आणि पर्यटक त्यांच्या नाकाशेजारी उभं राहून फोटो काढतात. नाटक चाललं की इतिहासाला कोण विचारतो!

नाकाबद्दल म्हणाल, तर ते चित्रांतही चांगलं ठसठशीत आहे. पण विक्राळ वगैरे काही नाही. त्याची दंतकथा आधी जुन्या किश्श्यांच्या संग्रहांतून चालत आली आणि मग एकोणिसाव्या शतकात तेओफिल गोतिए या लेखकाने त्याच्यावरच्या लेखात नाकाचं असं काही रसभरित वर्णन केलं की नाक माणसाच्या पुढे चालू लागलं. सिरानोने स्वतः नाकाबद्दल लिहिलं आहे, ते पुढे येईलच.

प्रश्न (नागपूर) : मी फौजेत होतो. नाटकात सिरानोने एकट्याने शंभर जणांना पळवलं ही शुद्ध लोणकढी वाटते. तो खरा शिपाई होता की नुसता लेखक?

शिपाई होता, आणि त्याची किंमतही त्याने चुकवली. विशी गाठण्याच्या सुमारास तो कार्बाँ द कास्तेल-जालूच्या तुकडीत भरती झाला. १६३९ साली मूझाँच्या वेढ्यात बंदुकीची गोळी त्याच्या शरीरातून आरपार गेली. पुढच्याच वर्षी आरासच्या वेढ्यात गळ्यावर तलवारीचा वार बसला. एकविसाव्या वर्षी त्याने फौज सोडली. तुमच्यासारख्या माणसाला हे सांगायला नको, की दोन वर्षांत अशा दोन जखमा घेऊन जिवंत परतणं हाच मोठा पराक्रम.

आरासचं ठाणं स्पेनच्या ताब्यात होतं. फ्रेंचांनी ते वेढलं, तर बाहेरून आलेल्या स्पॅनिश सैन्याने वेढा घालणाऱ्या फ्रेंचांनाच घेरलं. रसद तुटली. शेवटी ऑगस्ट १६४० मध्ये शहर फ्रेंचांच्या हाती पडलं. नाटकाचा चौथा अंक नेमका या उपासमारीत घडतो, आणि त्यातली भूक खोटी नाही.

शंभर जणांची गोष्ट सांगणारा साक्षीदार म्हणजे आंरी ल ब्रे, सिरानोचा बालमित्र. नाटकातही तो त्याच नावाने वावरतो. सिरानोच्या मरणानंतर त्याने मित्राचं पुस्तक छापलं आणि त्याला प्रस्तावना लिहिली. सिरानोच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्या प्रस्तावनेतलं. ल ब्रे म्हणतो : पॅरिसच्या नेल वेशीजवळच्या खंदकापाशी शंभर माणसं सिरानोच्या एका मित्राचा अपमान करायला भरदिवसा जमली होती. सिरानो त्यांच्यावर तुटून पडला, दोन जण मेले, सात जबर जखमी झाले. आता मित्राने मित्राबद्दल लिहिलेलं, त्यामुळे शंभराचा आकडा चिमटीत धरूनच घ्यावा. पण ‘दोन मेले, सात जखमी’ हा हिशेब मला थापेबाजाचा वाटत नाही. थाप मारणारा पन्नास तरी पाडतो. रोस्ताँने ही मारामारी रात्री घडवली, कारण रंगमंचावर मशाली दिवसा शोभत नाहीत.

ल ब्रेचं मला सगळ्यात आवडणारं वाक्य मात्र लढाईचं नाही. पहाऱ्याच्या खोलीत, जिथे शिपाई आरडाओरडा करताहेत, तिथे सिरानो एक शोककाव्य लिहीत बसला होता आणि गोंगाटापासून दूर आपल्या अभ्यासिकेत बसावं तितका शांत होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हा माणूस मला नेल वेशीवरच्या माणसापेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

प्रश्न (डोंबिवली) : रोक्सान खरी होती का? आणि स्पष्टच विचारते, हे सगळं एका बाईची फसवणूक नाही का?

अर्धी खरी. माद्लेन रोबिनो नावाची सिरानोच्या नात्यातली एक स्त्री होती. तिचा नवरा क्रिस्तोफ, नवियेतचा सरदार, १६४० मध्ये आरासलाच पडला. वैधव्यानंतर ती पूर्णपणे धर्माकडे वळली. रोस्ताँने या कागदोपत्रीच्या दोन ओळींतून रोक्सान आणि क्रिस्तियाँ उभे केले. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली पत्रं, सज्जाखालचं बोलणं, चोरून जपलेलं प्रेम हे सगळं त्याच्या डोक्यातलं.

फसवणुकीचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण वर्गात हा प्रश्न मुली हमखास विचारायच्या आणि मुलं हमखास खाली बघायची. हो, आहे. आणि नाटकाला ते ठाऊक आहे. चौथ्या अंकात रोक्सान स्पॅनिशांच्या फळीतून बग्गीत बसून, खाण्यापिण्याचं सामान घेऊन छावणीत येते. नुसती पत्रं वाचून ती मृत्यूच्या तोंडात आलेली आहे. क्रिस्तियाँला ती म्हणते, तू कुरूप असतास तरी माझं प्रेम ढळलं नसतं. हे ऐकून खचतो तो क्रिस्तियाँ, कारण ती आपल्यावर प्रेम करतच नाही हे त्याला त्या क्षणी कळतं. तोच सिरानोला म्हणतो, जा, तिला खरं सांग, तिला निवडू दे. म्हणजे तिघांतला सगळ्यात सरळ माणूस तो ‘बिनडोक’ देखणा पोरगा! सिरानो तोंड उघडणार इतक्यात क्रिस्तियाँला गोळी लागते.

तिथपर्यंत मी सिरानोला माफ करते. पुढच्या पंधरा वर्षांसाठी नाही. दर शनिवारी तो मठात जातो, गावभरच्या बातम्या सांगून तिला हसवतो, आणि ती गळ्यात मेलेल्या माणसाचं पत्र बाळगून बसलेली दिसत असताना गप्प राहतो. लोक याला त्याग म्हणतात. मला त्यात बरीचशी भित्रेपणाची आणि थोडीशी अहंकाराची छटा दिसते. असं असूनही शेवटच्या अंकात, अंधार पडल्यावरही तो ते पत्र ‘वाचत’ राहतो आणि तिच्या लक्षात येतं की हा वाचत नाहीये, याला पाठ आहे, तिथे माझा सगळा राग ओसरतो. रोस्ताँ लबाड होता.

प्रश्न (पुणे) : १८९७ म्हणजे वास्तववादी नाटककार इब्सेनचा काळ. तेव्हा पद्यातलं ऐतिहासिक नाटक एवढं डोक्यावर का घेतलं गेलं?

त्याचसाठी. पॅरिसमध्ये दिग्दर्शक आंद्रे आंत्वान त्याच्या ‘मुक्त रंगभूमी’वर खाटकाच्या दुकानाचा प्रवेश दाखवायला खरं मांस टांगून चुकला होता. वास्तववादाची चलती होती आणि प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग त्याला कंटाळला होता. त्यातून १८७० मध्ये जर्मनांकडून झालेल्या पराभवाची सल गेलेली नव्हती, आणि द्रेफस प्रकरणाने, म्हणजे एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून झालेल्या शिक्षेने, घराघरांत दोन तट पडले होते. २८ डिसेंबर १८९७ ला पोर्त-सँ-मार्तँ नाट्यगृहात पडदा उघडला. द्रेफसच्या बाजूने कादंबरीकार झोलाने लिहिलेलं ‘मी आरोप करतो’ हे पत्र १३ जानेवारी १८९८ ला छापून आलं. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. देश एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हता, आणि त्या नाट्यगृहात सगळे एकत्र रडत होते.

एदमाँ रोस्ताँ तेव्हा २९ वर्षांचा. आदल्या नाटकांनी नाव दिलं होतं, पण असं काही नाही. पाच अंक, भलीमोठी पात्रसंख्या, आणि पद्य. प्रयोगाआधी त्याने मुख्य नट कॉन्स्ताँ कोकलँची गळ्यात पडून माफी मागितली, ‘तुम्हाला या आपत्तीत ओढलं’ म्हणून, असा किस्सा सांगतात. आपत्ती अशी की काही दिवसांतच त्याला लेजियाँ द’ओनर ही फ्रान्सची मानाची पदवी मिळाली आणि १९०१ मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून आला. छापील नाटकाच्या अर्पणपत्रिकेत त्याने म्हटलं आहे, की हे काव्य सिरानोच्या आत्म्याला अर्पण करायचं होतं, पण तो आत्मा कोकलँमध्ये शिरला आहे, म्हणून ते कोकलँलाच.

प्रश्न (इचलकरंजी) : मी मराठी शिकवतो. या नाटकाचं वृत्त कोणतं? मराठीत ते कशात बसेल?

सर, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, म्हणून जरा सैल हाताने लिहिते.

फ्रेंच नाटकाचं हे जुनं वृत्त म्हणजे आलेक्सांद्रँ. ओळीत बारा अवयव (म्हणजे उच्चाराचे तुकडे), सहानंतर यती म्हणजे थांबा, दोन-दोन ओळींना यमक. लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त मोजणी. त्यामुळे बारा अक्षरं आहेत म्हणून भुजंगप्रयाताकडे धाव घेऊ नका. गणांची ती शिस्त इथे नाही. आपल्याकडे त्याचं नातं अक्षरछंदाशी जुळतं. मोठ्या अभंगाचे पहिले दोन चरण घ्या : ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी’. सहा आणि सहा. झाली की आलेक्सांद्रँची एक ओळ! सूर अर्थातच वेगळा, पण सहा-सहाची चाल मराठी कानाला परकी नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

रोस्ताँची खरी करामत त्या ओळीच्या आत आहे. एक ओळ तो पाच-पाच तुकड्यांत फोडतो आणि पात्रांमध्ये वाटतो. पहिल्या अंकात एक उमराव सिरानोला डिवचायला येतो. त्याला शब्द सुचत नाहीत : ‘तुमचं… तुमचं नाक… अं… नाक… फार मोठं आहे.’ मुळात हे अकरा अवयव. सिरानो गंभीरपणे बारावा भरतो : ‘फार.’ ओळ पुरी. पुढची ओळ उमरावाच्या ‘हा!’ने सुरू होते, एक. सिरानो : ‘झालं?’, मुळात दोन. उमराव : ‘पण…’, एक. आणि उरलेल्या आठांत सिरानो सुटतो : छे, छे, हे फारच तोकडं झालं, पोरा! म्हणजे उमरावाला अपमान तर जमत नाहीच, ओळही पुरी करता येत नाही. ती सिरानोला पुरी करावी लागते. हे प्रेक्षक मोजत बसत नाही, पण कान मोजतो.

मग सिरानो त्याला दाखवतो की नाकावर काय काय बोलता आलं असतं. आक्रमक, मैत्रीचं, कुतूहलाचं, प्रेमळ, नाट्यमय, गावरान, एकामागून एक सूर. वर्णनाच्या सुरात : कडा आहे! सुळका आहे! भूशिर आहे! भूशिर कसलं, द्वीपकल्प आहे! नाट्यमय सुरात : त्यातून रक्त आलं की तांबडा समुद्र! वर्गात हे भाषण मुलांना वाटून द्यायची माझी पद्धत होती, एकेकाला एकेक सूर. एरवी तोंड न उघडणारा शेवटच्या बाकावरचा मुलगा ‘गावरान’ सुरावर असा काही खुलला, की शेजारच्या वर्गातले लोक दारात येऊन उभे राहिले. तेव्हा अनुवाद करायचाच तर हे भाषण मुळाबरहुकूम करू नका. सूर तेच ठेवा, माल मराठी भरा.

प्रश्न (नाशिक) : आमच्या विज्ञान मंडळात एकाने सांगितलं की रॉकेटने चंद्रावर जायची कल्पना सिरानोची. खरं आहे का?

खरं आहे, आणि याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. माझ्या मते खरा सिरानो इथे भेटतो आणि नाटकाने नेमका त्यालाच झाकला.

पुस्तकाचं नाव ‘चंद्रावरची राज्यं आणि साम्राज्यं’. त्याच्या मागून सूर्यावरचं. निवेदक आधी अंगाला दवाच्या बाटल्या बांधतो. सूर्य दव ओढून घेतो, मग दवासकट मलाही घेईल! तो वर जातो खरा, पण फार वेगाने. घाबरून काही बाटल्या फोडतो आणि खाली येतो, तर काय, पॅरिसऐवजी कॅनडात, नव्या फ्रान्समध्ये. कारण तो वर असताना खालून पृथ्वी फिरली होती. गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा. त्यानंतर काही वर्षांतच हा गडी पृथ्वीच्या फिरण्याची वात्रट सिद्धता लिहून बसला आहे. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो म्हणणं म्हणजे चंडोल भाजायला चुलाणा त्याच्याभोवती फिरवला असं म्हणणं, असंही तो सुनावतो.

कॅनडात तो एक यंत्र बांधतो, ते पडतं. तो जखमांना बैलाच्या हाडांतली मज्जा चोळत बसलेला असताना शिपाई ते यंत्र उचलून नेतात आणि सेंट जॉनच्या सणाच्या दारूकामासाठी त्याला अग्निबाण बांधतात. हा ते वाचवायला आत उडी मारतो आणि वात पेटते. बाण सहा-सहाच्या रांगांनी लावलेले. एक रांग जळून संपली की दुसरी पेट घेते, मग तिसरी. टप्प्याटप्प्याचं रॉकेट हो, १६५५ च्या आतलं! दारू संपल्यावर यंत्र खाली पडतं, पण तो वरच जात राहतो, कारण चंद्र कृष्णपक्षात प्राण्यांची मज्जा शोषतो अशी समजूत होती आणि त्याच्या अंगाला ती चोपडलेली. म्हणजे एका पायाने भविष्यात, दुसऱ्याने आजीबाईच्या बटव्यात.

चंद्रावर लोक चार पायांवर चालतात. याला दोन पायांवर पाहून हा कोणता प्राणी यावर विद्वानांचा काथ्याकूट होतो आणि ठरतं, पिसं नसलेला पोपट. पिंजऱ्यात ठेवतात. खानावळीचं बिल कवितेत चुकवायचं; सोबतचा वाटाड्या सांगतो, आठवडाभर राहिलो तरी एका सुनीताच्या वर खर्च व्हायचा नाही आणि माझ्याजवळ चार आहेत. पुस्तकं म्हणजे लहान डब्या. आत कमानी आणि चक्रं, काटा हव्या त्या प्रकरणावर ठेवायचा आणि कानाने ऐकायचं. तुमच्या मंडळातल्या मुलांना हे ऐकून काय आठवेल ते मी सांगायला नको. आणि नाक! वेळ विचारली की चंद्रवासी तोंड उघडून दात दाखवतात : नाकाची सावली दातांवर पडते, तेच घड्याळ. मोठं नाक तिथे गुणी माणसाची खूण. सतराव्या शतकातल्या या विनोदावर रोस्ताँने पाच अंकांचं दुःख बांधलं.

शेवटी याच्यावर खटला भरतात, कारण हा म्हणतो, आमची पृथ्वी हे जग आहे. चंद्रावरच्या धर्ममार्तंडांच्या मते जग एकच, त्यांचं. पृथ्वी हा फक्त त्यांचा चंद्र. त्याला चौकाचौकांत उभं करून जाहीर वदवून घेतात, की इथला हा चंद्र चंद्र नसून जग आहे आणि तिकडचं ते जग जग नसून चंद्र आहे. गॅलिलिओची माघार ज्यांना आठवत होती त्यांना हे कोणाला उद्देशून आहे ते सांगायची गरज नव्हती.

याहून धारदार जागा आहेत. कोबी कापणं हे माणूस मारण्याहून मोठं पाप, असा एक युक्तिवाद येतो : माणसाला तुमच्या म्हणण्याप्रमाणे अमर आत्मा आहे, त्याला पुढे काहीतरी मिळेल, बिचाऱ्या कोबीला हा एकच जन्म. आपल्याकडे चातुर्मासात काय खावं यावर घरोघरी वाद होतात, तेव्हा मला हा कोबी आठवतो. पण तिथे तो विनोद नव्हता. आत्म्याच्या अमरत्वाला काढलेला तो चिमटा होता, आणि सिरानोच्या जन्माच्याच साली, १६१९ मध्ये, तुलूझमध्ये व्हानिनी नावाच्या विचारवंताची नास्तिकतेच्या आरोपावरून जीभ कापून त्याला मारलं होतं. म्हणून पुस्तक सिरानोच्या हयातीत छापलंच गेलं नाही. हस्तलिखितं हातोहात फिरली. ल ब्रेने १६५७ मध्ये छापलं ते धोकादायक मजकूर गाळून. न कापलेला मजकूर छापला जायला विसावं शतक उजाडलं.

मला विचाराल तर नेल वेशीवरच्या शंभर तलवारींपेक्षा हे लिहायला जास्त धैर्य लागलं असेल. रोस्ताँला हे पुस्तक चांगलं माहीत होतं. तिसऱ्या अंकात सिरानो चंद्रावरून पडल्याचं सोंग करून एका उमरावाला अडवून धरतो आणि तिकडे जायच्या युक्त्या धडाधड मोजून दाखवतो, त्या बहुतेक याच पुस्तकांतल्या. प्रेक्षक हसतो आणि विसरतो.

प्रश्न (मडगाव) : फ्रेंच नाटककार मोलिएरने सिरानोचा प्रवेश चोरला हे खरं का?

उचलला, हे खरं. सिरानोच्या एका प्रहसनात नोकर कंजूष बापाला येऊन सांगतो, तुमचा मुलगा तुर्कांच्या जहाजात अडकला, खंडणी द्या. बाप पैसे सोडायच्या आधी पुन्हा पुन्हा तेच म्हणतो : पण तो त्या तुर्काच्या जहाजात झक मारायला गेला कशाला? मोलिएरने १६७१ च्या ‘स्कापँ’ या नाटकात हा प्रवेश आणि ते पालुपद घेतलं, आणि आज फ्रेंच माणूस ते मोलिएरचं म्हणूनच वापरतो. मोलिएरने त्याला जास्त घासूनपुसून घेतलं, हेही कबूल करायला हवं. ह. ना. आपट्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबोवा’मुळे मोलिएर आपल्याकडे कधीच पोचला, सिरानोचं प्रहसन मात्र फ्रान्सातही क्वचित कोणी करतं. नाटकात मरणासन्न सिरानोला ही चोरी कळते असं दाखवलं आहे, ते कालगणनेत बसत नाही. तो ‘स्कापँ’च्या सोळा वर्षं आधी गेला.

प्रश्न (अकोला) : सिरानोला नाटकातल्यासारखं खरंच डोक्यावर लाकूड टाकून मारलं का?

१६५४ मध्ये डोक्यावर लाकूड पडलं. अपघात की कोणी पाडलं, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. तो त्यानंतरही वर्षभराहून जास्त जगला आणि २८ जुलै १६५५ ला सान्वा इथे चुलतभावाच्या घरी वारला. वय ३६. नाटकातलं मरण सप्टेंबर अखेरीला हलवलं आहे, मठाच्या बागेत पानगळ हवी म्हणून.

प्रश्न (कोल्हापूर, महाविद्यालयीन नाट्यगट) : आम्हाला यातून एकांकिका करायची आहे. कोणता भाग घ्यावा? हक्कांचं काय?

रोस्ताँ २ डिसेंबर १९१८ ला वारला, तेव्हा मूळ नाटक कोणालाही वापरता येतं. इंग्रजी अनुवादांचं तसं नाही. त्यांतले बरेच अलीकडचे आहेत. कोणाच्या अनुवादावरून काम करणार असाल तर आधी परवानगी मागा, किंवा फ्रेंच येणाऱ्या कोणाला तरी पकडून मुळावरून करा.

सगळे गट पाचवा अंक मागतात, कारण त्यात रडायला मिळतं. तो घेऊ नका. आधीचे चार अंक प्रेक्षकाच्या पाठीशी नसतील तर ते रडणं उसनं वाटतं. पहिला अंक घ्या. तो अख्खा नाट्यगृहात घडतो : पिटातली गर्दी, संत्री विकणारी पोरगी, खिसेकापू, जाडजूड नट माँफ्लरी आणि त्याला भर प्रयोगात रंगमंचावरून हाकलणारा सिरानो. माँफ्लरी खरा होता बरं का, आणि खऱ्या सिरानोने त्याच्या लठ्ठपणावर एक जहरी पत्रच लिहिलं होतं. मग नाकाचं भाषण, मग द्वंद्व. लढता लढता सिरानो बालाद रचतो, आठ ओळींची तीन कडवी आणि शेवटी चार ओळी, आणि आधीच सांगून ठेवतो की शेवटच्या ओळीला वार लागेल. पालुपद मराठीत असं घ्या की ते म्हणताना श्वास उरेल. तलवारबाजी आधी कडव्यांशिवाय बसवा, मग कडवी तलवारीशिवाय, आणि मगच दोन्ही एकत्र. उलट केलंत तर नट एक तर ओळ विसरेल नाही तर समोरच्याचा डोळा फोडेल.

आणि नाक विदूषकाचं करू नका. ते मोठं दिसावं, पण माणसाच्या चेहऱ्याचंच वाटावं. पहिल्या हशानंतर प्रेक्षकाला त्याचा विसर पडायला हवा. नाक चिकटवायचा डिंक, म्हणजे स्पिरिट गम, घामाने सुटतो, म्हणून निदान शेवटचे आठ-दहा दिवस नाक लावूनच तालमी करा. नाही तर ऐन प्रयोगात ‘सुळका आहे!’ म्हणताना नटाचा हात आपोआप सुळका सावरायला जातो.